बाबांच्या तळ्यावरचा मासा

हूफडॉर्प,
२२ नोव्हेंबर २०२०

तीर्थस्वरूप आईंस,
सा. न. वि. वि.

लग्नाला चार वर्षं झाली आणि तुम्हाला पत्र लिहायची, ईमेलवर का होईना, ही माझी पहिलीच वेळ. भार्गवी सांगते की तुम्ही शाळेत शिकवत होतात तेव्हा पत्राचा मायना चुकला की सरळ दोन मार्क कापायचात. म्हणून वरच्या दोन ओळी मी तीनदा लिहिल्या आहेत. पुढचं मात्र जसं सुचेल तसं.

फोन करायचा तर तुम्हाला ऐकू यावं म्हणून मला ओरडावं लागतं, आणि या घरात ओरडलं की ते भार्गवीच्या कानावर जातं. जेवणाच्या टेबलाच्या एका टोकाला तिचं ऑफिस, दुसऱ्या टोकाला माझं. मार्चपासून हे असंच चाललंय. आणि मला जे बोलायचंय ते तिच्याबद्दलच आहे.

तिला सहावा लागला. तुम्हाला ती व्हिडिओवर 'मी मस्त आहे' सांगते, ते खरं नाही. जेवण जात नाही. वरणाचा वास नको, तुपाचा नको, माझ्या हातच्या खिचडीचा तर मुळीच नको. या देशात डॉक्टरऐवजी सुईणच सगळं बघते. लॅपटॉपवाली सुईण आहे, पण सुईणच. ती परवा म्हणाली की वजन वाढायला हवं होतं, ते दोन महिने जागचं हललेलं नाही. मला भीती वाटते, आई. असं मी तिच्यापुढे म्हणत नाही.

काल विचारलं, 'तुला नक्की काय खावंसं वाटतं?' म्हणाली, 'बाबा रविवारी तळ्यावरून आणायचे, तसला मासा.' सुपरमार्केटातला आणतो म्हटलं, तर तोंड फिरवलं. प्लास्टिकात गुंडाळलेला, बिनडोक्याचा, त्याला ती मासाच म्हणत नाही.

आता तुम्ही जाणताच, आमच्या सदाशिव पेठेतल्या घरात अंड्याचं नाव निघालं तरी आजी कानावर हात ठेवायची. पण डोहाळे म्हणजे डोहाळे. आमच्या मागच्या रांगेत योप नावाचे एक आजोबा राहतात. आल्समेरच्या मोठ्या तळ्यावर त्यांची नाव आहे, हिवाळाभर ते मासे धरतात. मी त्यांना गळ घातली आहे. बाबा असते तर त्यांनाच विचारलं असतं. ते कसे धरायचे ते तुम्ही जरा सांगाल का? आणि धरल्यावर पुढे काय करायचं तेही.

आपला,
रुचिर

कुडाळ,
२६ नोव्हेंबर २०२०

चि. रुचिरराव यांस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

मायन्याला पैकीच्या पैकी. शुद्धलेखनही बरं आहे.

लग्नात सुरमईचं ताट समोरून गेलं तेव्हा तुम्ही रुमाल नाकाला लावला होतात. मी पाहिलं होतं. तेव्हा मनात म्हटलं होतं, मालिनीबाई, पदरी पडलं आणि पवित्र झालं. आणि आता तुम्ही गळ घेऊन तळ्यावर निघालात! तुमच्या आजी असत्या तर त्यांनी मला शाप दिला असता.

भार्गवी मला खोटं सांगते हे मला ठाऊक होतं. ती 'मस्त' म्हणाली की समजायचं काहीतरी दुखतंय. लहानपणापासूनचं आहे ते. तुम्ही कळवलंत, बरं केलंत.

मासे कसे धरायचे हे मी काय सांगणार? तो ह्यांचा प्रांत. दर रविवारी सकाळी सायकल, गळ, डबा आणि मागे भार्गवी. दिवे लागायच्या वेळेला दोघं परत. एवढं सांगते की ह्यांचा गळ कधी रिकामा आला नाही. उन्हाळ्यात तळं आटलं तरी नाही.

करायचं कसं ते मात्र सांगते. तळ्याच्या माशाला चिखलाचा वास असतो. मीठ-हळद चोळून, कोकमाच्या आगळात बुडवून अर्धा तास ठेवा. मग पाणी टाकून द्या. ओलं खोबरं, धणे, सुकी मिरची, चिंच. तिरफळं तिथे कुठली मिळायला? चिनी दुकानात त्यांचं ते तोंड बधिर करणारं मिरं मिळतं, ते चारच दाणे घाला. नाक धरून केलंत तरी चालेल, पण ढवळू नका, मासा मोडतो.

व्हिसाचं ऑफिस बंद आहे. उघडलं की येतेच. डिंक, बाळंतशेप, सगळं बांधून तयार आहे. सहाव्यात मी असायला हवं होतं तिथे. तुम्ही आहात, हे माझ्या मनाला सांगते.

आपली,
सासूबाई

हूफडॉर्प,
६ डिसेंबर २०२०

तीर्थस्वरूप आईंस,
सा. न. वि. वि.

दोन शनिवार झाले. आता मी तुम्हाला अनुभवाने सांगू शकतो की थंडी हाडात शिरते म्हणजे नेमकी कुठे शिरते.

योपना मला गाडीत बरोबर घेता येत नाही, दीड मीटरचं अंतर. ते गाडीने जातात, मी मागून सायकलने, समोरचा वारा खात. नावेत मात्र ते एका टोकाला, मी दुसऱ्या, त्यामुळे सरकार खूश. तळं एवढं मोठं की धुकं असलं तर पलीकडचा काठ दिसत नाही. हिवाळ्यात मासे खोल जाऊन घोळक्याने बसतात म्हणे. खाली वजन, वर वितभर अंतरावर गळ, त्याला रबरी अळी. (खरी अळी नाही हे कळल्यावर माझ्या पुणेरी जिवाला फार बरं वाटलं.) आणि ती अळी जराशी थरथरवायची. योप म्हणतात, हलवू नकोस, तुझ्या हाताला थंडीनं कापरं भरलंय तेवढं पुरे. मी कापायचंच काम करतो, आणि ते मला छान जमतं.

पहिला शनिवार कोरडा गेला. काल टिक्-टिक् असं काहीतरी झालं, जणू कोणी दारावर नखानं वाजवावं. ओढला तर वर आला बार्स, इथल्या तळ्यांतला मासा! फोटो जोडलाय. हिरवट अंगावर वाघासारखे पट्टे, लालभडक पर, पाठीवर काटेरी पंखा. मी हात पुढे केला तर योप ओरडले, 'आधी हात ओला कर!' कोरड्या हातानं धरलं तर माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि नंतर तो आजारी पडतो. ओल्या हातानं धरला, फोटो काढला. आणि मी पिशवी उघडेपर्यंत योपनी तो सोडून दिला!

इथे धरतात ते सोडण्यासाठीच. योपच्या क्लबाचा रिवाज आहे. मी पिशवी घेऊन तसाच उभा.

पण एक सांगतो. घरी येऊन हे भार्गवीला सांगितलं तर ती इतकी हसली की तिला खुर्चीत बसावं लागलं. दोन महिन्यांत पहिल्यांदा. आता दर शनिवारी खिडकीत उभी राहून वाट बघते आणि मी सायकल लावायच्या आत वरून विचारते, 'लागला?'

आपला,
रुचिर

कुडाळ,
११ डिसेंबर २०२०

चि. रुचिरराव यांस,
अनेक आशीर्वाद.

धरून सोडायचा? मग धरला कशाला? आमच्याकडे ह्याला मासेमारी म्हणत नाहीत, खोडी काढणं म्हणतात. बिचारा मासा घरी जाऊन काय सांगत असेल बायकोला!

फोटोतला मासा मात्र देखणा. तुमच्या त्या योप आजोबांना सांगा, आमच्याकडे पोटुशी असलेल्या बाईचा डोहाळा राहिला तर पोराच्या तोंडाला लाळ सुटते ती थांबत नाही. लाळ गळणारं मूल त्यांच्या मागच्याच रांगेत वाढणार आहे, बघा म्हणावं काय परवडतं. एक मासा मागा. राजरोस मागा, लाजायचं काय त्यात?

मार्गशीर्षातले गुरुवार तेवढे टाळा. बाकी देव समजून घेतो.

व्हिसाचं अजून काही नाही. मुंबईला फोन लावते, ते गाणं ऐकवतात.

सासूबाई

हूफडॉर्प,
२० डिसेंबर २०२०

तीर्थस्वरूप आईंस,
सा. न. वि. वि.

जमलं!!

इथे मंगळवारपासून पुन्हा कडक टाळेबंदी आहे, दुकानं बंद, शाळा बंद. पण तळ्याला कुलूप नाही. काल मासा आणला. चांगला हातभर. सगळं तुमच्या बरहुकूम केलं: मीठ, हळद, आगळ, चिनी मिरं चार दाणे. ढवळलं नाही. नाकाला कपडे वाळत घालायचा चिमटा लावला होता, तो भार्गवीनं काढून टाकला आणि म्हणाली, 'तुला कळू दे तरी.' खरं सांगू? वास इतका वाईट नव्हता.

तिनं तीन तुकडे खाल्ले. तीन! वर भात पुन्हा घेतला. बोटं चाटली. मग डोळे मिटून म्हणाली, 'अगदी बाबांच्या माशासारखा लागला.' आणि रडली. मीही.

फोटो जोडलाय, कापण्याआधीचा.

तुमचे उपकार कसे फेडू?
रुचिर

कुडाळ,
२४ डिसेंबर २०२०

चि. रुचिरराव यांस,
अनेक आशीर्वाद.

तीन तुकडे वाचून देवापुढे साखर ठेवली. आज गुरुवार आहे म्हणून, नाहीतर मीही बांगडे आणले असते.

फोटो मोठा करून पाहिला. डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून मला फार बारीक दिसतं. मासा उत्तम आहे. डोळा पाणीदार, खवले चांदीसारखे. फक्त दोन-तीन शंका आहेत, शिक्षिकेची खोड म्हणून विचारते.

मागच्या माशाच्या अंगावरचे पट्टे ह्याच्या अंगावरून कुठे गेले? लाल पर कुणी धुतले? आणि गळाला लागलेल्या माशाच्या ओठाला भोक पडलेलं असतं, जबडा थोडा तरी फाटलेला असतो. ह्याचं तोंड कसं नुकत्याच दात घासलेल्या मुलासारखं शाबूत आहे.

माझा जन्म वेंगुर्ल्याच्या बंदरावरचा, रुचिरराव. खाऱ्या पाण्याचा मासा मी पाठमोरा ओळखते. तुमच्या त्या तळ्यात समुद्र शिरला असेल तर गोष्ट वेगळी. तुमचा देश म्हणे समुद्राच्या पातळीखालीच आहे.

भार्गवीला मी काही बोलणार नाही. तुम्हालाही रागावलेली नाही. पण सांगितलंत तर ऐकेन.

सासूबाई

हूफडॉर्प,
३ जानेवारी २०२१

तीर्थस्वरूप आईंस,
सा. न. वि. वि.

दहा दिवस उत्तर लिहायला घेतो आणि बंद करतो.

योप लगेच तयार झाले होते. लाळेची गोष्ट सांगितली तर म्हणाले, 'एखादा घरी न्यायला क्लबाची ना नाहीच, आम्ही आपलं सोडतो.' तेव्हा रिवाजाचा बाऊ मीच केला होता. त्या शनिवारी लागलाही, मोठा, सगळ्यात मोठा. योपनी हात ओला करायला सांगितलं नाही. लहानसा लाकडी दांडका दिला. म्हणाले, डोक्यावर एकच, जोरात, मग त्याला काही कळत नाही.

एका हातात मासा, एका हातात दांडका. त्याचे कल्ले उघडत होते, मिटत होते. पाठीवरचा पंखा उभा. आई, मी मनात भार्गवीचं नाव घेतलं, बाळाचं घेतलं, तुमचंही घेतलं. माझा हात उठला नाही. मी वाकून त्याला पाण्यात सोडला आणि योपना म्हटलं, निसटला. ते बिचारे 'हो, निसटतात' म्हणाले.

परतताना बाजारात मासळीची गाडी उघडी होती. पुढचं तुम्ही ओळखलंतच. तेव्हापासून दर शनिवारी हेच. दिवसभर तळ्यावर बसतो, लागलेले सोडतो, येताना गाडीवरून घेतो. सुईण खूश आहे, वजन वाढलंय. आणि मी रोज तिच्या ताटाकडे बघतो आणि मेल्याहून मेल्यासारखं होतं. तिनं माझ्याकडे एकच गोष्ट मागितली होती. ती म्हणते 'बाबांच्या माशासारखा', आणि तो मासा उत्तर समुद्रातून बर्फावर झोपून आलेला. ज्याला एक मासा धरून आणता येत नाही तो बाप काय होणार?

तिला सांगून टाकू का?

रुचिर

कुडाळ,
७ जानेवारी २०२१

चि. रुचिरराव यांस,

खबरदार!

ती जेवते आहे. जेवणाऱ्याच्या ताटात सत्य वाढायचं नसतं. अळीमिळी गुपचिळी.

आणि 'बाप काय होणार' वगैरे पुन्हा लिहू नका, मी मार्क कापेन. तळ्यावर जायचं सोडू नका. घरी नेहमीसारखे गारठून या.

एवढंच. बाकी मी तिथे आले की पाहते.

सासूबाई

हूफडॉर्प,
१४ फेब्रुवारी २०२१

तीर्थस्वरूप आईंस,
सा. न. वि. वि.

गोंधळ झाला. मोठा.

जानेवारीअखेर संचारबंदी लागली, नऊनंतर बाहेर पडायचं नाही. तेवढं ठीक. मागच्या रविवारी बर्फाचं वादळ आलं आणि आठवडाभर पारा शून्याखाली. कालवे गोठले. आमच्या खिडकीखालचा ओढासुद्धा. सगळं हूफडॉर्प कपाटातले स्केट काढून बर्फावर. लहान पोरं खुर्च्या ढकलत घसरतायत, सुईण आपल्या मुलांना घेऊन आलेली दिसली, योप सत्तर वर्षांचे आणि हात मागे बांधून सुळकन् गेले. आम्ही दोघं दिवसभर खिडकीत. बातम्यांत आमचं तळं दाखवलं, त्यावर माणसंच माणसं.

मी काल, शनिवारी, सवयीनं सायकल काढली. तळ्याच्या काठी थोडा उभा राहिलो, थर्मासमधला चहा प्यायलो, लोकांचं पडणं-उठणं बघितलं. सवयीनं बाजारात गेलो. सवयीनं मासा घेतला. सवयीनं जिना चढलो आणि म्हटलं, 'लागला!'

ती खिडकीत उभी होती. तिच्या मागे, खाली, गोठलेल्या ओढ्यावर अख्खं गाव स्केटिंग करत होतं.

तिनं खाली पाहिलं. माझ्या हातातल्या पिशवीकडे पाहिलं. आणि म्हणाली, 'आज मोठा आहे.' बस्स. ओट्यापाशी जाऊन खोबरं काढलं. जेवली, दोनदा भात घेतला, बोटं चाटली, झोपली. आज दिवसभर त्याबद्दल एक अक्षर नाही. मी बोलायला गेलो की विषय बदलते.

तिला कळलं, आई. न कळायला ती काय आंधळी आहे? मग रागावत का नाही? बाळंतपणाच्या तोंडावर माझ्यावरचा विश्वास उडाला असेल तर मी काय करू?

रुचिर

कुडाळ,
१८ फेब्रुवारी २०२१

चि. रुचिर,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून इतकी हसले की शेजारची मेधा धावत आली, काकींना काय झालं म्हणून. हसता हसता रडू आलं तेव्हा तिला घरी पाठवलं.

आता ऐक. हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

भार्गवी सात वर्षांची होती तेव्हा इकडे पावसानं दगा दिला. मे महिन्यात गावाबाहेरचं तळं पार आटलं. चिखलाच्या खपल्या निघालेल्या, मुलं मधोमध क्रिकेट खेळत होती. त्या रविवारी हे सायकलवरून आले, टोपी घामानं भिजलेली, आणि दोन मोठे मासे ओट्यावर ठेवून म्हणाले, 'लागले!'

मी काय म्हटलं असेल? 'आज मोठे आहेत.'

तुझ्या सासऱ्यांनी उभ्या जन्मात एक मासा धरला नाही, रुचिर. लग्नानंतरच्या पहिल्याच रविवारी मला कळलं होतं. ओठ शाबूत, आणि चव खाडीची. तिठ्यावरच्या मासेवालीकडून घ्यायचे. मी वीस वर्षं ते मासे 'तळ्यावरचे' म्हणून रांधले, वाढले, शेजारी वाटले. का आणतात विकत, कधी विचारलं नाही. त्यांना धरता येत नसेल आणि लाज वाटत असेल, असं मी धरून चालले. दिवसभर डासांत बसून आलेल्या माणसाला काय विचारायचं? तो माझ्यासाठी काहीतरी घेऊन आला होता.

आता तुला कळलं असेल की भार्गवीला 'बाबांच्या माशासारखा' का लागला. तुझं कालवण नाही चुकलं, आणि तूही नाही.

एक मात्र. आपल्या बाबांना मासे धरता येत नव्हते हे तिला ठाऊक नाही. तिचा तो देव आहे. तो तसाच राहू दे.

व्हिसाचं काल पक्कं कळलं. नाही. इतक्यात कुणालाच नाही. बांधलेलं सामान सोडलं. मला फार वाईट वाटतंय आणि ते मी लपवत नाही. माझ्या मुलीचं बाळंतपण मी तुझ्यावर सोपवते आहे. दुसऱ्या कुणावर सोपवलं नसतं.

तुझी,
आई

हूफडॉर्प,
२८ मार्च २०२१

ती. आई,

फोनवर सगळं कळलंच आहे, तरी मायन्यानिशी लिहितो: मुलगी, सव्वातीन किलो, दोघी ठणठणीत. सुईण पहाटे सायकलवरून आली आणि दुपारी उजळ तोंडानं गेली. इथे बाळ झालं की विम्याकडून आठवडाभर एक बाई घरी येते, बाळाला आणि आईला बघायला. तिनं सगळ्यांना टोस्टवर लोणी लावून त्यावर गुलाबी, बडीशेपेच्या साखरगोळ्या पेरून दिल्या. बाळंतिणीला शेप बरी असते म्हणे. तुमचं बांधून ठेवलेलं सामान आठवलं. भार्गवीनं सहा टोस्ट खाल्ले.

आता खरी गोष्ट. काल बाळ झोपलं होतं आणि बाहेर पाऊस भुरभुरत होता. मी न राहवून म्हटलं, 'त्या शनिवारी तळं गोठलं होतं.'

ती म्हणाली, 'माहितेय. पहिला मासा आणलास त्या दिवसापासूनच माहितेय.'

'मग बोलली का नाहीस?'

'बाबांचेही विकतचेच असायचे,' ती म्हणाली. 'पिशवी मी धरायचे. तिठ्यावर उतरलो की मला लिमलेटची गोळी मिळायची, आईला सांगायचं नाही म्हणून.'

आई, तुमचं पत्र मी तिला दाखवलेलं नाही. तुमचं नावही काढलं नाही. पण पुढचं तिनं आपणहून सांगितलं, आणि ते तुमच्यापर्यंत पोचायलाच हवं. बाबांना मासे उत्तम धरता यायचे. दिवसाला पाच-पाच, सहा-सहा लागायचे. प्रत्येक वेळी ते आधी दोन्ही हात पाण्यात बुडवायचे, मग गळ अलगद काढायचे आणि मासा सोडून द्यायचे. तिला म्हणायचे, 'खाऊक काय वाटणा नाय गो, मारूक वाटता.' मासेखाऊ घरात हे सांगितलं तर बायको हसेल, याची त्यांना लाज वाटायची. तेव्हा तुमच्या पत्रातलं ते एक वाक्य चुकलंय. मार्क तुम्हीच कापा.

ती म्हणाली, 'तुझ्याकडे मासा मागितला तेव्हा मला मासा थोडाच हवा होता? कुणीतरी दिवसभर तळ्यावर बसून माझ्यासाठी परत यायला हवं होतं.' मग माझा हात धरून म्हणाली, 'पण आईला यातलं काही कळता कामा नये हं. तिला अजून वाटतं बाबा मासे धरून आणायचे. तिचं मन मोडेल.'

मी शब्द दिलाय. त्यामुळे हे पत्र मी लिहिलेलं नाही आणि तुम्ही वाचलेलं नाही.

परवा बाळाला पहिल्यांदा आंघोळीनंतर उचलायचं होतं. मी आधी हात ओले केले. टोस्टवाली बाई हसली. हसू दे.

तुमचा,
रुचिर

कुडाळ,
२ एप्रिल २०२१

चि. रुचिर,
अनेक आशीर्वाद.

तुझं २८ तारखेचं पत्र मला मिळालेलं नाही. ते मी चार वेळा वाचलेलं नाही.

वीस वर्षं मी त्या माणसाला लाज वाटू नये म्हणून गप्प बसले, आणि तो माझ्या हसण्याला भिऊन गप्प. मी हसले असते, खरंच हसले असते. पण मग पुढच्या रविवारी डबा घेऊन बरोबर गेले असते.

काल माळ्यावरून त्यांचा गळ काढला आणि रिक्षा करून तळ्यावर गेले. मास्क लावून बसले होते, त्यामुळे कुणी ओळखलं नाही. दुपारी एक लागला. बोटभर होता. हात ओले केले, सोडून दिला. मग उन्हं उतरेपर्यंत नुसतीच बसले.

येताना रिक्षा तिठ्यावर थांबवली.

संध्याकाळी घरभर कालवणाचा वास. मेधानं कुंपणापलीकडून विचारलं, 'काकी, मासे खयचे?'

म्हटलं, 'तळ्यावरचे.'

तुझी,
आई